काटा आधी पडतो : पिकअपचा क्रँक सेन्सर घरच्या घरी बदलताना

आजचा भाग जरा हात काळे करणारा आहे. नेहमी आपण कोड, नोकरी, पगार यावर बोलतो. आज एका पिकअप गाडीबद्दल आणि तिच्यातल्या बोटभर लांबीच्या सेन्सरबद्दल बोलायचंय. ज्यांच्या घरी पिकअप, छोटा टेम्पो किंवा डिझेल जीप आहे त्यांनी तर ऐकाच. बाकीच्यांनी यासाठी ऐका, की मी यात एक चूक केली. मी बीटेक केलंय, हिंजवडीत दिवसभर लॉग वाचतो, बग शोधतो, आणि तरीही ती चूक केली.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या जवळ. घरी एक पिकअप आहे, बीएस-फोर, कॉमन रेल डिझेल इंजिन. कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा आजार सगळ्यांच्याच गाड्यांना होतो. गाडी वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या नावावर आहे, चालवतो माझा चुलतभाऊ. मी त्याला दादाच म्हणतो. आमचा आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा माल भरायचा, संध्याकाळी निघायचं, माळशेज घाट उतरून मुरबाड-कल्याणवरून रात्री वाशी मार्केट गाठायचं, हे त्याचं काम.

गोष्ट जुलै २०२३ ची. टोमॅटोचा तो सीझन आठवतोय ना? शहरात किलोला शंभराच्या वर गेला होता. नारायणगावला काही दिवस वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या आसपास भाव निघाला. आमच्या गाडीत सत्तर क्रेट बसतात. हिशेब करा, एका खेपेला गाडीत सव्वा-दीड लाखाचा माल, आणि तोही दुसऱ्याचा. नेमकी त्याच वेळी गाडी रस्त्यात बंद पडायला लागली.

बंद पडायची म्हणजे कशी, तर चालता चालता अचानक. धूर नाही, आवाज नाही, धक्का नाही. मग कितीही स्टार्टर मारा, इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. अर्धा तास थांबलं की काहीच झालं नाही अशी एका सेल्फमध्ये चालू.

गॅरेजमध्ये आधी डिझेल फिल्टर बदलला. मग टाकी उतरवून साफ केली. मग फीड पंप बदलला. झाले नऊ हजार. तिसऱ्या वेळी सांगितलं, इंजेक्टर काढून टेस्टिंगला पाठवावे लागतील, चाळीसएक हजारांची तयारी ठेवा. आण्णांचा पारा चढला, आणि तो निघाला दादावर. "गाडी रिझर्व्हवर पळवतो", "डिझेल कुठं जातं काय माहीत" इथपर्यंत बोलणं गेलं. दादा तसा कमी बोलणारा. त्याने आईला फक्त एवढंच सांगितलं, की चाकणला कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर पाहिजे आहे, पुढच्या महिन्यापासून मी तिकडे जातो.

मला आईचा फोन आला. मी म्हटलं, थांबा, शनिवारी येतो.

आता माझ्याकडे होतं काय? सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, सहाशेचा मल्टिमीटर आणि भरपूर आत्मविश्वास. स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला, फोनवर ॲप उघडलं. मेमरीत एकच कोड होता, पी ०३३५. म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड.

हा सेन्सर काय करतो ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, त्याच्या टोकाला फ्लायव्हील असतं. त्यावर किंवा त्याला जोडलेल्या चकतीवर दाते असतात. बऱ्याच इंजिनांत साठ दात्यांची जागा असते, पण दाते अठ्ठावन्नच, दोन मुद्दाम गाळलेले. सेन्सर या दात्यांसमोर जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसतो. आमच्यासारख्या दोन वायरींच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. दाता समोरून गेला की गुंडाळीत छोटा विजेचा झटका तयार होतो. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर असलं तरी सेकंदाला पावणेआठशेच्या आसपास पल्स जातात. जिथे दोन दाते नाहीत तिथे खंड पडतो, त्यावरून ईसीयूला कळतं की पिस्टन नेमका कुठे आहे. हे कळलं तरच तो ठरवणार, कुठल्या सिलिंडरला, कुठल्या क्षणी डिझेल सोडायचं. पल्स बंद, की आमच्या गाडीत डिझेल बंद.

मला तर उत्तर मिळालंच होतं. पण मी घाईत पार्ट बदलणाऱ्यांतला नाही असं मला वाटत होतं. पी ०३३५ म्हणजे 'सेन्सर बदला' असं नसतं. सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, वायर, ईसीयूपर्यंतचा सगळा रस्ता. म्हणून गाडीखाली गेलो, कनेक्टर काढला, सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला. ८८० ओहम. या प्रकारच्या सेन्सरला काहीशे ते हजारभर ओहम हे ठीकच. कनेक्टरमध्ये मात्र चिखल होता, पिना हिरवट पडल्या होत्या. साफ केल्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, परत बसवला, कोड डिलीट केला. गाडी चालू. सगळ्यांना अंगणात उभं करून सांगितलं, "सेन्सर ओके आहे. कनेक्टरचा प्रॉब्लेम होता. झालं काम."

दादा तेव्हा म्हणाला होता, "अरे, पण ती गार असताना कधीच बंद पडत नाही. गरम झाली का पडती. आन् काटा आधी पडतो, मग गाडी मरती."

मी म्हटलं, "हो हो, आता नाही पडणार."

सोमवारी संध्याकाळी तो सत्तर क्रेट भरून निघाला. पाऊस होता. माळशेज ज्यांनी जुलैत पाहिलाय त्यांना सांगायला नको, धुकं, धबधब्यांचं पाणी रस्त्यावर, समोरचं दहा फुटांवर दिसत नाही. घाट उतरताना, भरल्या गाडीत, इंजिन बंद पडलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. अशा गाडीचा ब्रेक पायाने दाबला तरी त्यामागे जोर लावतो तो व्हॅक्यूम बूस्टर. ते व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा पंप तयार करतो. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरतंच व्हॅक्यूम उरतं, नंतर पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच, पंप थांबला की स्टिअरिंग जड. आणि मागे चौदाशे किलो टोमॅटो.

दादाने काय केलं? क्लच दाबलाच नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, तशीच ठेवली. म्हणजे डिझेल बंद असलं तरी चाकं इंजिनाला फिरवत होती. इंजिन फिरतंय म्हणजे व्हॅक्यूम पंप फिरतोय, स्टिअरिंगचा पंप फिरतोय, वर इंजिनचा अटकाव आहेच. तशीच हळूहळू उतरवत त्याने एका रुंद जागी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि मग मला फोन केला. क्लच दाबून न्यूट्रल केली असती, जे माझ्यासारख्याने नक्कीच केलं असतं, तर काय झालं असतं ते मला सांगवत नाही.

फोनवर तो चिडला नाही. म्हणाला, "परत काटाच पडला आधी." एवढंच.

त्या रात्री मी झोपलो नाही. आणि तेव्हा, खरं म्हणजे तेव्हाच, मी पहिल्यांदा त्याच्या वाक्याचा विचार केला. काटा आधी पडतो. कुठला काटा? आरपीएमचा. डिझेल कमी पडून इंजिन मरत असेल तर इंजिनचा वेग कमी होत जाईल आणि काटा त्याच्याबरोबर उतरेल. पण गाडी गिअरमध्ये आहे, चाकं इंजिनाला फिरवतायत, आणि तरी काटा एकदम शून्यावर? याचा अर्थ इंजिन फिरतंय, पण ईसीयूला ते दिसतच नाहीये. कारण आरपीएमचा आकडा येतो त्याच क्रँक सेन्सरकडून. म्हणजे ना फिल्टर, ना पंप, ना इंजेक्टर. दादाने आजाराचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं, तेही महिनाभर, प्रत्येकाला. आमच्या ऑफिसात टेस्टरने इतका नेमका बग रिपोर्ट लिहिला तर आम्ही त्याला पार्टी देऊ.

आणि माझं मोजमाप? मी गार गाडीवर मोजलं. जी गार असताना कधीच बंद पडत नाही तिच्यावर. सॉफ्टवेअरवाले हसतील, कारण आपण ज्या वाक्याची टिंगल करतो तेच मी केलं : 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' वर कोड डिलीट करून टाकला. कोडसोबत ईसीयू बऱ्याचदा फ्रीझ फ्रेम साठवतो, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती, कूलंटचं तापमान किती, हे सगळं. ते मी न वाचताच पुसलं. प्रॉडक्शनचा सर्व्हर पडल्यावर कोणी आधी लॉग डिलीट केले तर त्याला आपण काय म्हणू? तेच मला म्हणा.

दुसऱ्या दिवशीच रजा टाकून गावी गेलो. दादाला म्हटलं, "चल, बंद पाडून दाखव." तो पहिल्यांदा हसला. रिकामी गाडी घेऊन ओतूरहून माळशेजच्या दिशेने गेलो, परत आलो, परत गेलो. दुसऱ्या फेरीत चढावर काटा पडला. मी डोळ्यांनी पाहिला. टप्पकन शून्य, आणि मग दोन सेकंदांनी गाडीचा दम गेला.

गाडी कडेला. फोन स्कॅनरला जोडलेला होताच. दादाला स्टार्टर मारायला सांगितलं आणि ॲपवर लाइव्ह आरपीएम पाहिला. स्टार्टर इंजिन गरागरा फिरवतोय आणि आकडा शून्य. गार गाडीत स्टार्टर मारताना तिथे दोनशे-अडीचशे दिसतं. मग हातमोजे घालून, सायलेन्सरच्या पाइपपासून हात सांभाळत, खाली कनेक्टर काढला आणि सेन्सरवर मीटर धरला. ओएल. म्हणजे सर्किट तुटलेलं, रेझिस्टन्स मोजण्याच्या पलीकडे. दर दोन मिनिटांनी मोजत बसलो. वीस-पंचवीस मिनिटांनी आकडा परत आला, हजारच्या जवळ, आणि हळूहळू उतरत गेला. आतली तार कुठेतरी तडकलेली. गरम झालं की प्लास्टिक आणि तांबं फुगतं, तडा उघडतो. गार झालं की टोकं परत टेकतात. वायरिंगही तपासलं, कनेक्टरपासून ईसीयूपर्यंत मीटर लावून हलवून पाहिलं, तिथे काही नव्हतं.

नवा सेन्सर नारायणगावला स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाला. दोन होते, साडेतीनशेचा आणि साडेअकराशेचा. जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवून साडेअकराशेचा घेतला. इथे कंजुषी करू नका, लांबी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी दात्यांपासूनचं अंतर चुकतं.

बदलणं हे सगळ्यात सोपं काम निघालं, म्हणून पटकन सांगतो. गाडी सपाट अंगणात, पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक, चारही चाकांना दगड, चावी खिशात. इंजिन पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आमची गाडी उंच, त्यामुळे जॅक लागलाच नाही, पोतं अंथरलं आणि खाली सरपटलो. तुमची गाडी बुटकी असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, खाली पक्के स्टँड लावा. सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलच्या घरावर आहे. आधी ब्रशने आणि फडक्याने आजूबाजूची माती काढली, नाहीतर सेन्सर निघाला की ती भोकातून आत फ्लायव्हीलवर पडणार. कनेक्टरची खिट्टी दाबून तो काढला, वायर ओढून काढायचा नाही. मग दहा नंबरची गोटी लावून एकच बोल्ट. सेन्सर चिकटून बसला होता. गंजाचा स्प्रे मारला, चहा प्यायला गेलो, येऊन डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत काढला. टोकावर चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा काळा कीस होता, थोडा असतोच. बसायची जागा पुसली. नव्याच्या ओ-रिंगला बोटाने इंजिन ऑइल लावलं आणि हाताच्या दाबाने पूर्ण टेकेपर्यंत बसवला. हातोडीने ठोकून बसवणारे मी पाहिलेत. आतली तार केसाएवढी आहे हो! बोल्ट छोटा आहे, नीट घट्ट करायचा पण जीव काढायचा नाही. बोल्टने सेन्सर आत ओढूही नये, आधी सेन्सर टेकवायचा, मग बोल्ट.

खाली पडल्या पडल्या अजून एक दिसलं. वायर पकडून ठेवणारी क्लिप तुटलेली होती, कधी तुटली कोण जाणे, आणि वायर सायलेन्सरच्या पाइपकडे लोंबत होती. तिला उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवून वर बांधून टाकली.

एक सूचना. तुमच्या सेन्सरला तीन वायरी असतील तर तो बहुधा हॉल सेन्सर असतो. त्याला मी सांगितलेली ओहमची टेस्ट लावू नका, त्याची तपासणी वेगळी असते. आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर.

सेन्सर बसला, पण एक काम बाकी होतं. आण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "मागच्या शनिवारीबी तू झालं म्हणला होता." बरोबर होतं. मग मी जुना सेन्सर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी गरम केलं. आई ओरडली, "ते दुधाचं पातेलं आहे!" सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडला, पिनांच्या वायरी बाहेर मीटरला. आण्णा, दादा, आई सगळे भोवती. सुरुवातीला ८८०. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. म्हणून आकडा चढत गेला, ९५०, १०२०, १०५०. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे. आणि मग एकदम ओएल.

"हे काय आलं?" आण्णांनी विचारलं.

"काटा पडला," दादा म्हणाला.

नव्या सेन्सरची हीच टेस्ट मी बसवण्याआधी केली होती, ८९५ पासून अकराशेच्या जवळ गेला आणि तिथेच थांबला. ते सांगितलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं. आण्णा बराच वेळ पातेल्याकडे बघत होते. मग दादाला म्हणाले, "जेवून जा." आमच्या घरात याहून लांब माफी कोणी मागत नाही.

मी दादाची माफी मागितली का? मागितली, गाडीत, दुसऱ्या दिवशी टेस्टला गेलो तेव्हा. या वेळी कोडचा, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून मगच तो डिलीट केला. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट ९१ अंश होतं. गाडीत शेणखत भरून आळेफाट्याला गेलो, तिथून आणे घाट चढून परत. तीन तास. मी म्हटलं, "दादा, तू सांगत होता ते मी ऐकलं नाही." तो म्हणाला, "जाऊ दे. ते मीटर मला शिकव कसं धरायचं."

शिकवलं. आता मल्टिमीटर गाडीच्या डॅशबोर्डमध्येच असतो. चाकणला तो गेला नाही, अजून तरी. वाशीच्या पहिल्या खेपेला रात्री अडीचला मेसेज आला, मार्केटच्या गेटवरचा फोटो आणि खाली अंगठा. मी जागाच होतो.

तुमच्या गाडीलाही असा गार-गरमचा आजार असेल तर चालवणाऱ्याने नेमकं काय पाहिलं ते सविस्तर लिहून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. काटा आधी पडतो की नंतर, तेवढं मात्र नक्की लिहा. चला, भेटू.